भरलेल्या भांड्यांची माणसे

आम्ही सोलापूरची माणसे भरलेल्या भांड्यांवर जगतो. कित्येक वर्षे इथल्या नळाला तीन-चार दिवसांआड पाणी येत आले. तेही कधी पहाटे, कधी मध्यरात्री. त्यामुळे रिकामे भांडे दिसले की आमचा हात ते आपोआप नळाखाली धरतो. आधी पिंप, मग हंडे, कळश्या, बादल्या. मग पातेली आणि तांबे. आणि नळ अजून चालूच असेल तर फुलपात्रीसुद्धा. कुणाच्या घरी गेलात आणि स्वयंपाकघरात रांगेने झाकून ठेवलेली भांडी दिसली, तर त्या घरातली बाई त्या दिवशी निश्चिंत आहे असे खुशाल समजावे.

पण हा काही एकट्या पाण्याचा गुण नव्हे. रितेपणाचे भय आपल्या भाषेतच मुरलेले आहे. घरातले तांदूळ संपले असे म्हणायचे नाही. ते 'वाढले' म्हणायचे. बांगडी फुटली तरी ती 'वाढवली'. घराबाहेर पडणाऱ्याने 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावे. रिकामी घागर घेऊन कोणी समोरून आले, तर जुनी माणसे दोन पावले मागे घेऊन पुन्हा निघत. संपण्याचे नाव तोंडातून काढायचे नाही अशी जिथे शिस्त, त्या घरात एक दिवस लॅपटॉप नावाचे यंत्र येते, आणि कसलाही संकोच न बाळगता पडद्याच्या कोपऱ्यात लिहिते : बॅटरी, १७ टक्के. आणखी थोड्या वेळाने ९ टक्के. इतके निर्लज्ज सत्य बोलणारी वस्तू आपल्या संसारात यापूर्वी आली नव्हती.

तेव्हा या यंत्राची वायर काढायचीच नाही, हा तोडगा घराघरांतून निघाला यात नवल नाही. माझ्या ओळखीच्या किती तरी घरांत लॅपटॉप हा दावणीच्या म्हशीसारखा भिंतीशी बांधलेला असतो. मांडीवर घेऊन फिरता यावा म्हणून ज्याचे नाव तसे पडले, तो टेबलावरून हलत नाही. त्यात महाराष्ट्राने २००५ नंतरची काही वर्षे जे भारनियमन भोगले, ते अजून हाडांत आहे. वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, तर ती आहे तोवर भरून घ्या; हे आमचे पाण्याचेच गणित आम्ही विजेला लावले. शंभर टक्के हा आकडा दिसला की आम्हांला भरलेले पिंप पाहिल्याचा आनंद होतो.

आणि गंमत अशी की, या एका पाहुण्याला भरलेपण मानवत नाही.

बॅटऱ्यांनाही माणसांसारखे स्वभाव असतात, हे मला पुष्कळ उशिरा समजले. आपल्या घरांत त्यांच्या तीन पिढ्या येऊन गेल्या, आणि तिघींची प्रकृती तीन तऱ्हांची. पहिली शिशाची आणि सौम्य गंधकाम्लाची. गास्तों प्लांते या फ्रेंच गृहस्थाने ती १८५९ मध्ये केली. मोटारीत आणि पलंगाखालच्या इन्व्हर्टरमध्ये ती आजही आहे. तिला रिकामी ठेवली की आतल्या पत्र्यांवर शिशाच्या क्षाराचे खडे बसून घट्ट होतात आणि ती कायमची रुसते. म्हणून तिला सदैव भरलेली ठेवायची आणि अधूनमधून शुद्ध पाणी पाजायचे. ही आपल्या आजीसारखी. डबे भरलेले असले की प्रसन्न. दुसरी निकेल-कॅडमियमची. दाढीची यंत्रे, बिनतारी फोन, जुने लहान संगणक यांत ती असे. तिला दर वेळी अर्धीच वापरून पुन्हा भरली, तर ती तेवढ्याच अर्ध्याची सवय करून घेते अशी तिची ख्याती होती. 'पूर्ण उतरू द्या, मग भरा' हा सल्ला तिच्यापासून आलेला. ती घरातून गेली, सल्ला मागे राहिला. अजूनही दुकानात नवा लॅपटॉप घेताना कोणी तरी तो देतोच.

तिसरी लिथियमची. तिची कथा तिघांनी मिळून लिहिली : स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी अमेरिकेत १९७० च्या दशकात आरंभ केला, जॉन गुडइनफ यांनी ऑक्सफर्डला १९८० मध्ये कोबाल्टच्या ऑक्साइडचा उपयोग दाखवून तिला जोर आणला, आणि जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये तिला घरात ठेवण्याजोगी केली. १९९१ मध्ये सोनीने ती बाजारात आणली. तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते. एवढ्या वयात ते पारितोषिक तोवर कोणाला मिळाले नव्हते. शंभरी पुरी करून २०२३ मध्ये ते गेले. त्यांच्या बॅटरीला मात्र पाच-सात वर्षांचे आयुष्य म्हणजे खूप झाले.

हिच्या आत काय चालते ते मी एस. टी.च्या गाडीवरून समजून घेतले. आत दोन मुक्काम आहेत. एका टोकाला ग्रॅफाइट, म्हणजे आपल्या पेन्सिलीतले शिसे म्हणतात तो कोळसा. त्याला पानासारखे थर असतात. दुसऱ्या टोकाला कोबाल्टसारख्या धातूचे ऑक्साइड. लिथियमचे विद्युत्भारित कण हे उतारू. आपण बॅटरी भरतो तेव्हा ते ऑक्साइडच्या मुक्कामावरून निघून ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात. वापरतो तेव्हा परत येतात. या येण्याजाण्यालाच आपण वीज म्हणून वापरतो. गाडी रिकामी असताना उतारू भराभर चढतात, हव्या त्या जागा घेतात. चाळीस माणसे बसली की पुढची गती मंदावते. शेवटच्या आठ-दहांना चढवायला कंडक्टरला 'सरका, जरा आत सरका' म्हणावे लागते. लॅपटॉप ८० टक्क्यांपर्यंत लवकर भरतो आणि पुढच्या वीस टक्क्यांना रेंगाळतो, ते याचमुळे. त्या वेळी यंत्र मुद्दाम विजेचा ओघ कमी कमी करीत नेते; घाईने कोंबले तर लिथियम आत न शिरता ग्रॅफाइटच्या अंगावरच धातू होऊन साचते, आणि ते वाईट.

गाडी पूर्ण भरली की एकेका घटाचा दाब साधारण ४.२ व्होल्टांना पोहोचतो. या ताणाखाली दोन मुक्कामांमधला द्रव हळूहळू विघटित होऊ लागतो. ग्रॅफाइटवर पहिल्याच दिवशी एक पातळ पापुद्रा धरतो. तो लागतोच, तो संरक्षक आहे. पण पुढे तो जाड होत जातो आणि थोडे थोडे लिथियम त्यात कायमचे अडकते. तेवढे उतारू गाडीतून कमी झाले. बॅटरीचे म्हातारपण ते हेच, आणि ते वापरण्याने येते तसे नुसते बसण्यानेही येते. म्हणजे ही बाई पूर्ण उपाशी राहायला तयार नाही, आणि तुडुंब जेवून दिवसभर पडून राहणेही तिला सोसत नाही. वीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान ती सुखात असते.

इथे एक भीती मात्र उगाच आहे. वायर लावून ठेवली म्हणजे वीज आत ओतली जात राहते आणि बॅटरी फुटते, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. पूर्ण भरली की यंत्र भरणे थांबवते आणि काम सरळ भिंतीतल्या विजेवर चालवते. त्रास आहे तो भरलेल्या अवस्थेत महिनोन् महिने बसवून ठेवण्याचा, आणि त्यात उन्हाळा असेल तर फारच. अशा बॅटऱ्यांविषयी प्रचलित असलेले एक कोष्टक आहे : २५ अंशांत ४० टक्के भरून ठेवलेली बॅटरी वर्षाने आपल्या ताकदीतले साधारण चार टक्के गमावते, तीच पूर्ण भरून ४० अंशांत ठेवली तर सुमारे पस्तीस टक्के. आमच्या सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ ला जातो, हे वेगळे सांगायला नको.

हे सगळे मी वाचले ते ज्ञानाच्या हौसेने नव्हे. आमच्याकडे पोळ्या करायला एक मावशी येतात. त्यांची मुलगी इंजिनिअरिंगला आहे. तिच्यासाठी जुलै २०२३ मध्ये त्यांनी पतसंस्थेचे कर्ज काढून लॅपटॉप घेतला. त्याची पूजा झाली, त्यावर हळदकुंकू वाहिले, पेढे आमच्याकडेही आले. सुरुवातीला तो वायरशिवाय पाच तास चाले. एप्रिल २०२४ पर्यंत तो तासावर आला. एकदा कॉलेजची एक चाचणी घरून द्यायची होती. मधेच वीज गेली, आणि कोपऱ्यात ३१ टक्के दिसत असताना यंत्राने एकाएकी डोळे मिटले. (हा टक्का म्हणजे पिंपात काठी बुडवून केलेले माप नव्हे, किती वीज आत गेली, किती बाहेर आली याचा हिशेब ठेवून बांधलेला तो अंदाज असतो, आणि बॅटरी खचली की अंदाजही खचतो.) चाचणीचे वीस गुण गेले.

मे महिन्यात मुलगी दुरुस्ती केंद्रात गेली. तिथल्या माणसाने सांगितले, "उन्हाळ्यात असं होतं. सॉफ्टवेअर अपडेट करा आणि बघा." आणि तशी नोंद केलेली एक चिठ्ठी हातात दिली. तिने अपडेट केले आणि पाहिले. पाहता पाहता जुलै उलटला. ऑगस्टमध्ये पुन्हा गेली, तेव्हा उत्तर असे की लॅपटॉपची वॉरंटी तीन वर्षे खरी, पण बॅटरीची एकच वर्ष, आणि ते संपले. शिवाय क्षमता कमी होणे ही नैसर्गिक झीज. ती वॉरंटीत कधीच नसते. नवी बॅटरी ५,८०० रुपये.

मावशी दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "दादा, तीन वर्षं लिहिलंय की हो कागदावर. मग बॅटरी काय लॅपटॉपची नव्हं का?"

प्रश्न अगदी बरोबर होता. मी तो कागद आणवून वाचला. वॉरंटीचे कागद वाचण्याची कला वकिलांनी आपल्यापासून चोरून नेली आहे. पण चष्मा लावून बसले तर पुष्कळ कळते. पुढच्या पानावर मोठ्या अक्षरात तीन वर्षे. मागच्या पानावर बारीक अक्षरात बॅटरीला एक वर्ष. तेही दोषाबद्दल, झिजेबद्दल नाही. बहुतेक कंपन्यांचा रिवाज असाच आहे, आणि त्यात काही तथ्यही आहे. चपलेचा अंगठा आठ दिवसांत तुटला तर दुकानदाराने बदलून द्यावी. वर्षभर चालून टाच झिजली म्हणून भांडता येत नाही. बॅटरी ही टाचेच्या जातीची. प्रश्न एवढाच की झीज कुठे संपते आणि दोष कुठे सुरू होतो. ती रेघ कागदावर कुठेही नव्हती. ती ओढण्याचा अधिकार खिडकीमागच्या माणसाने आपल्याकडे ठेवला होता. सगळेच असे करतात असे नाही. ॲपल आपल्या मॅकबुकांबद्दल आकडा देते : हजार फेऱ्यांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहावी अशी त्यांची रचना. आकडा दिला की माणूस तो मोजू शकतो.

त्याच पुस्तिकेत एक वाक्य पाहून मला हसावे की रडावे कळेना. यंत्र वापरण्याचे तापमान ३५ अंशांपर्यंत, असे त्यात लिहिले होते. बहुतेक लॅपटॉपांच्या पुस्तिकांत हाच आकडा असतो. मावशींचे घर पत्र्याचे आहे. म्हणजे मार्चच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत, भर दुपारी त्या मुलीने अभ्यास करू नये! विकताना मात्र गावाचे तापमान कोणी विचारले नव्हते.

फेरी म्हणजे काय, तेही तेव्हाच नीट उमगले. वायर लावली-काढली की एक फेरी, असे नव्हे. आज निम्मी वापरली, भरली, उद्या पुन्हा निम्मी वापरली, तर ती दोन दिवसांची मिळून एक फेरी. सामान्य लॅपटॉपची बॅटरी तीनशे ते पाचशे फेऱ्या बऱ्यापैकी काढते. आणि हा हिशेब यंत्राच्या पोटात लिहिलेला असतो. विंडोजमध्ये एक आज्ञा टंकली की बॅटरीचा सगळा अहवाल समोर येतो. मुलीला ती ठाऊक होती. तिने माझ्या टेबलावर बसून तो काढला. कारखान्यातून निघतानाची क्षमता ४१,००० मिलिवॅट-तास. आजची पूर्ण क्षमता १९,०००. फेऱ्या १६२. आणि खाली आठवड्यांच्या तारखांनिशी उतरता इतिहास, वाण्याच्या खतावणीसारखा. मेच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे ती चिठ्ठी मिळाली त्या आठवड्यात, २०,५००.

वर्ष पुरे व्हायच्या दोन महिने आधीच बॅटरी निम्मी झाली होती, तीही दीडशेच्या आसपास फेऱ्यांत. ही टाच झिजलेली नव्हती. हा अंगठाच तुटला होता. आणि त्याची तक्रार मुदतीत केल्याचा पुरावा त्यांच्याच शिक्क्यानिशी तिच्या दप्तरात घडी घालून पडला होता.

मग पत्र लिहायचे ठरले. ग्राहकाच्या बाजूने भांडण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून काम करते आहे, आणि देशाचा पहिला ग्राहक संरक्षण कायदा तर १९८६ चा. त्याच्या जागी आता २०१९ चा कायदा आहे. त्यात दोषाची व्याख्या केली आहे : गुणवत्ता, प्रमाण, शक्ती, शुद्धता वा दर्जा यांत, कायद्याने, कराराने किंवा विकणाऱ्याच्या दाव्याने जे असायला हवे, त्यातील उणीव. शक्ती हा शब्द बॅटरीसाठी योजलेला नसेल, पण तो तिथे आहे. आणि बॅटरीच्या पाठीवर छापलेली क्षमता हा दावा नव्हे तर काय? याच कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी पडत नाही. हे पुष्कळांना माहीत नसते. तालुक्याच्या कचेरीत दाखल्यासाठी चार चकरा मारणारा माणूस, पाच-सहा हजारांसाठी आयोगाकडे जाता येते असे सांगितले की अविश्वासाने हसतो.

पत्र मुलीनेच लिहिले. मी फक्त एक विशेषण खोडले. तिने 'फसवणूक' लिहिले होते, आणि आकडे असताना विशेषणाची गरज नसते. खरेदीची तारीख, चिठ्ठीची तारीख आणि क्रमांक, तीन आकडे, कायद्याचे कलम, आणि शेवटी एक ओळ : पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास सोलापूर जिल्हा आयोगाकडे जावे लागेल. पत्र पोचपावतीसह रजिस्टरने गेले. पोस्टात पावतीवर शिक्का बसला तेव्हा तिचा चेहरा असा काही झाला की जणू अर्धे काम झालेच.

उत्तर एकोणिसाव्या दिवशी आले. बॅटरीत कोणताही दोष कंपनीस मान्य नाही. तथापि केवळ सदिच्छा म्हणून ती विनामूल्य बदलून देण्यात येत आहे.

मावशींना मी ते मराठी करून सांगितले. त्यांनी हातातले लाटणे खाली ठेवले. "दोष नाही म्हनत्यात, मग बदलून कशापायी देत्यात?"

मी म्हणालो, "मावशी, बॅटरी घेऊन या. सदिच्छेला नाही म्हणू नये."

पण तो शब्द मला खटकलाच. जे त्या मुलीचे होते, ते तिला प्रसाद म्हणून मिळाले. आणि तिच्या मागे रांगेत जी मुले उभी होती, ज्यांच्याकडे चिठ्ठी नव्हती किंवा पत्र लिहायचे सुचले नव्हते, त्यांच्यासाठी रेघ पुन्हा पुसलेलीच राहिली. शिवाय बॅटरी बदलायलाही केंद्राच्याच दारात जावे लागते. पूर्वी ती मागची खिटी सरकवून काढता येई, आता आत चिकटवून वा स्क्रूंनी बसवून वर झाकण पक्के केलेले असते. युरोपने २०२३ मध्ये नियम केला आहे की १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा वस्तूंतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे. आपल्याकडे २०२२ च्या नियमांनी जुनी बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली, हे चांगले झाले. केंद्रातल्या माणसाने जुनी काढली तेव्हा ती मधोमध किंचित फुगलेली निघाली. आत वायू धरला की अशी होते. अशी बॅटरी दाबू नये, टोचू नये, वापरू तर मुळीच नये. ती बाई गेले कित्येक आठवडे त्या पत्र्याच्या खोलीत मुलीच्या उशाशी होती. माणूस काही बोलला नाही. त्याने ती वाळूच्या डब्यात ठेवली आणि सही घेतली.

नव्या बॅटरीला ९० दिवसांची वॉरंटी आहे. मुलीने ती तारीख दिनदर्शिकेवर लाल शाईने मांडली आहे, आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला अहवाल काढून ठेवते. बऱ्याच लॅपटॉपांत आता ऐंशी टक्क्यांवर भरणे थांबवण्याची सोय असते. तिच्यातही निघाली, तिने ती चालू केली. लॅपटॉप गादीवर ठेवायचा नाही, खाली पाट. दुपारी पत्रा तापला की तो घेऊन ती आमच्या ओसरीवर येते.

मावशींना ते ऐंशी अजून पटलेले नाही. वीज आहे, वायर आहे, आणि पोरगी भरू देत नाही म्हणजे काय! परवा त्या मला म्हणाल्या, "वीस कमी कशाला ठेवती, इचारा की तिला." मी विचारले. मुलगी म्हणाली, "परीक्षेच्या आदल्या रात्री शंभर करते ना, काका. एका रात्रीनं काही होत नाही." हे मावशींनी ऐकले, पटल्यासारखी मान हलवली, आणि परीक्षा केव्हा आहे ते तिला पुन्हा एकदा विचारून घेतले.